कोंबडी घराबाहेर, अंडे ताटात

गेल्या पंधरवड्यात एका सेवानिवृत्त गुरुजींचे पत्र आले. अक्षर मोत्यासारखे, प्रश्न चार. परसात आठ-दहा कोंबड्या पाळाव्यात असे सूनबाईंच्या मनात आहे, तर आरोग्याच्या दृष्टीने ते योग्य आहे का? घरात दहा महिन्यांचा रांगता नातू आहे, त्याला काही अपाय होईल का? गावरान अंडे पांढऱ्या अंड्यापेक्षा खरोखरच पौष्टिक असते का? चौथा प्रश्न कोंबड्या आणि शेजाऱ्याची कोथिंबीर यासंबंधी आहे. त्याकडे शेवटी वळू.

पहिला प्रश्न मला कोणी वीस वर्षांपूर्वी विचारला असता तर मी एका शब्दात उत्तर दिले असते, 'नको'. तसे मी देतही होतो. ते उत्तर चुकीचे होते हे मला एका बाईने शिकवले आणि शिकवताना तिने आवाजही चढवला नाही. तो प्रसंग आधी सांगतो.

२००६ सालचा फेब्रुवारी महिना वाचकांना आठवत असेल. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. भारतात तो प्रथमच आढळला होता. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पांढरे अंगरखे घातलेली, तोंडे झाकलेली माणसे वर्तमानपत्रांत रोज दिसू लागली. नवापूर आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पण आमच्या आठवडी बाजारात अंड्याला गिऱ्हाईक उरले नाही आणि चिकनच्या दुकानात मालक माश्या मारत बसले. आम्ही डॉक्टर मंडळीही घाबरलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही. रोग नवा होता आणि आमची माहिती तुटपुंजी होती.

त्याच सुमारास माणदेशातील एका वस्तीवरून एक तरुण आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाला महिन्यातून एकदा तरी जुलाब होत. औषधाने चार दिवस थांबत, पुन्हा सुरू. वजन केले तर सव्वाआठ किलो. मी पाण्याची चौकशी केली, शौचाची केली आणि मग विचारले, "घरी कोंबड्या आहेत का?"

"हायत की. धा-बारा हायत."

"रात्री कुठे असतात?"

"घरातच. चुलीमागं डालग्याखाली झाकतो. भाईर ठिवल्या तर मुंगूस न्हाईतर बोका ऱ्हाऊ देत न्हाई."

झाले. मला रोगाचे मूळ सापडले असे वाटले. मी तिला सांगितले, "आजच्या आज सगळ्या काढून टाका." ती गप्प राहिली. तेव्हा मी वर आणखी एक वाक्य बोललो, "पोरगं हवंय की कोंबड्या?" हे वाक्य बोलताना मला आपण फार परखड आणि हिताचे बोलतो आहोत असे वाटले होते.

तिने त्या आठवड्यात कोंबड्या विकल्या. ज्या दिवसांत कोंबडीला कोणी हात लावायला तयार नव्हते, नेमक्या त्याच दिवसांत विकल्या. काय किंमत आली असेल ती वाचकांनीच ताडावी.

दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा आली. मूल आता सव्वादोन वर्षांचे. वजन पावणेनऊ किलो. या वयाच्या मुलाचे वजन बारा किलोच्या आसपास असायला हवे. आठ-नऊ महिन्यांत पोराने जेमतेम अर्धा किलो धरला होता. जुलाब थोडे कमी झाले होते, पण थांबले नव्हते, कारण पिण्याचे पाणी तेच होते. मी म्हणालो, "इतके दिवस का आला नाहीत? मध्ये दाखवायला नको का?" ती म्हणाली, "कशी येनार? अंडी इकून यष्टीचं तिकीट आन तुमची फी निगायची. आन आदी दिसाआड एक अंडं उकडून पोराला द्यायची. आता इकत आनून कुटनं घालायचं?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी विचारले म्हणून तिने सांगितले. मी त्या दिवशी फी घेतली नाही, पण त्याने काय होणार होते? मी एका सल्ल्यात त्या मुलाचे अंडे बंद केले होते, आईच्या हातातला एकुलता एक स्वतःचा पैसा बंद केला होता आणि तिचे माझ्याकडे येणेही बंद केले होते. जुलाबाचे कारण मात्र जागेवरच होते.

म्हणून गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर असे: कोंबड्या जरूर पाळा, पण त्या माणसांच्या घरात नकोत आणि त्यांची अंडी सगळीच्या सगळी बाजारात जायला नकोत. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी आपली म्हण आहे. कोंबडे झाकायचे कुठे, हा प्रश्न मात्र आपण कधी विचारत नाही.

दुसरा प्रश्न नातवाचा. कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू राहतात. त्यांचा बहुधा कोंबडीला काही त्रास नसतो. ती ठणठणीत असते आणि विष्ठेवाटे जंतू टाकत फिरते. मोठी माणसे जमिनीवरचे काही तोंडात घालत नाहीत. रांगते मूल घालते. ज्यांनी रांगत्या मुलाच्या मागे एक दुपार काढली आहे त्यांना हे सांगायला नको. सारवलेल्या जमिनीवर वाळलेली कोंबडीची विष्ठा आणि भाकरीचा तुकडा यांत त्याला फरक कळत नाही. असे जंतू पोटात वारंवार जात राहिले की प्रत्येक वेळी जुलाब होतातच असे नाही, पण आतड्याचे अस्तर खराब होते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. 'खातंय पण भरत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आयांना मी आता पहिला प्रश्न विचारतो तो कोंबड्या आहेत का हा नव्हे, तर त्या रात्री कुठे असतात हा.

यासंबंधी २०१६ साली इथिओपियातील ग्रामीण कुटुंबांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तो देश लांबचा असला तरी तिथली खेड्यातील गरीब कुटुंबे, मातीची जमीन आणि परसातील कोंबड्या हे चित्र आपल्याला परके नाही. ज्या घरांत कोंबड्या होत्या तिथल्या मुलांची उंची वयाच्या मानाने बरी आढळली. पण ज्या घरांत कोंबड्या रात्री माणसांच्याच खोलीत कोंडल्या जात, तिथे मुलांची वाढ खुंटलेली आढळली. मला हे वाचताना चुलीमागचे डालगे आठवले. दहा वर्षे आधी ही पाहणी झाली असती तर मी काही वेगळे बोललो असतो का, कोण जाणे. तेव्हा मला ऐकायचेही फारसे नव्हते.

तर गुरुजींनी नातवाची चिंता करावी, पण ती नेमक्या जागी करावी. मूल जिथे रांगते तो ओटा किंवा खोली कोंबड्यांना बंद असावी. दाराला दीड-दोन फूट उंचीची आडवी फळी लावली तर मूल बाहेर जात नाही आणि कोंबडीलाही अडसर होतो. कोंबडी उडी मारून आत येते म्हणा, पण हुसकायला घरात आजोबा आहेतच. अंगणात बसवायचे तर स्वच्छ सतरंजी किंवा चटईवर बसवावे आणि हात साबणाने धुऊनच काही खायला द्यावे. खुराड्याकडे जायची चप्पल वेगळी ठेवावी व ती उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. मोठ्या भावंडांना पिल्ले हातात घेऊन गालाला लावायची फार हौस असते. पिल्लू गोजिरवाणे दिसते हे खरे, पण हात धुतल्याशिवाय त्या मुलांनी शेंगदाणे खायला बसू नये.

सूनबाईंना एक वेगळी सूचना. सकाळी खुराडे झाडून लगेच स्वयंपाकाला लागायची आपल्याकडे रीत आहे. भाकरी तव्यावर भाजली जाते, तिचे भय नाही. पण त्याच हाताने चिरलेली काकडी, कांदा आणि कोथिंबीर कच्ची पोटात जाते. नुसत्या पाण्याने हात खंगाळणे म्हणजे धुणे नव्हे. साबण लावून, नखांतून, वीस सेकंद.

आता खुराड्याविषयी. ते कसेही बांधा, पण बाहेर बांधा. दहा कोंबड्यांना रात्रीपुरते पाच फूट लांब, चार फूट रुंद एवढे पुरते. जमिनीपासून दोन फूट उंच, खाली लाकडी किंवा बांबूच्या पट्ट्या, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि कोंबड्यांचे पाय कोरडे राहतात. बाजूला बारीक जाळी, वर पत्रा, पत्र्यावर उन्हाळ्यात पाचट. आत बसायला आडवे दांडके. विहीर, हातपंप आणि चुलीपासून जागा देईल तितके लांब. हे सगळे जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडात आणि दोन दिवसांच्या श्रमात होते. त्या माणदेशातल्या बाईने माहेरहून पुन्हा दोन कोंबड्या आणल्या. तिच्या दिराने तिला मोडक्या बैलगाडीच्या साट्याचे खुराडे करून दिले. मी पाहिले आहे. मुंगसाने त्यातून एकही कोंबडी नेलेली नाही, असे तिने मला दोन-तीनदा मुद्दाम सांगितले.

पण याच ठिकाणी एक इशारा दिलाच पाहिजे, कारण माझ्याकडे आलेल्या सर्पदंशांपैकी कितीतरी खुराड्यातले आहेत. अंडी आणि पिल्लांच्या वासाने साप येतो, सांडलेल्या दाण्याने उंदीर येतो आणि उंदरामागे पुन्हा साप येतो. संध्याकाळी दिवेलागणीला बाई अंडे काढायला अंधारात हात घालते. अंड्याऐवजी नाग हाती लागतो. खुराड्यात बॅटरी लावून पाहिल्याशिवाय हात घालू नये. अंडी दिवसाउजेडीच काढावीत. दाणे गरजेपुरतेच टाकावेत, खुराड्याखाली लाकडे-गोवऱ्या रचू नयेत. आणि एवढे करूनही दंश झालाच, तर हात हलवू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पदंशाची लस तिथे मोफत मिळते. मंत्र, चिरा देणे, दोरीने आवळणे यात गेलेली वेळ परत येत नाही.

आता अंड्याकडे वळतो. हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि भांडणाचाही. आमच्या भागातील गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ, फार तर ऐंशी अंडी देते. दहा-पंधरा अंड्यांचा एक डाव झाला की ती खुडूक होते. म्हणजे सहा कोंबड्या असल्या तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला एक अंडे. वनराजासारख्या सुधारित जाती शंभराच्या वर देतात, पण त्या अंडी उबवायला फारशा बसत नाहीत. त्यांची अंडी गावरान खुडूक कोंबडीखालीच ठेवावी लागतात. असो. हिशेब दिवसाला एका अंड्याचा आहे आणि ते एक अंडे कोणाच्या पोटात जाते हाच माझ्या दृष्टीने या लेखाचा कळीचा मुद्दा आहे.

बहुतेक घरांत ते कोणाच्याच पोटात जात नाही. गावरान अंड्याला बाजारात चांगला भाव मिळतो म्हणून ते विकले जाते आणि येताना त्याच पैशातून पोरासाठी बिस्किटाचा पुडा येतो. अंड्यात उत्तम प्रतीची प्रथिने, 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व, बी-१२ हे सारे असते. पुड्यात मैदा, साखर आणि तेल. हा व्यवहार मी वर्षानुवर्षे पाहतो आहे आणि दर वेळी मला त्याचा तितकाच राग येतो. अंड्यातून घरात राहिली-राहिली तर ती पाहुण्यासाठी राखलेली असतात, आणि जावई यायचा म्हटल्यावर तर कोंबडीचीच खैर नसते.

सगळी अंडी खाऊन संपवा असे मी म्हणणार नाही. यष्टीच्या तिकिटाचा धडा मी विसरलेलो नाही. बाईच्या हातात तिचा पैसा राहिलाच पाहिजे. पण आधी सहा महिन्यांवरील लहान मुलाचे अंडे बाजूला काढावे, मग घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिचे, आणि उरलेले बाजारात न्यावे. तिचे स्वतःचे अंडे बाजूला काढण्याचा आग्रह धरला की बाई हसते. 'मला कशाला?' म्हणते. सासूबाईंनी तो आग्रह धरावा अशी माझी विनंती आहे. डॉक्टरपेक्षा त्यांचे जास्त चालते.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करतानाच पूर्ण शिजलेले अंडे देता येते, पिवळे आणि पांढरे दोन्ही. पूर्वी आम्ही पांढरे वर्षानंतर द्या असे सांगत असू. तो सल्ला आता मागे पडला आहे. पहिल्यांदा चमचाभर कुस्करून द्यावे. अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. अंडे उष्ण पडते म्हणून उन्हाळ्यात बंद करणे ही आपल्याकडची समजूत आहे, तिला आधार नाही.

अंडे म्हणजे जादू आहे असेही मी म्हणत नाही. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे देऊन पाहिले, तेव्हा त्यांची उंची लक्षणीय सुधारली. तो प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर सगळीकडे मोठा गाजावाजा झाला. पुढे आफ्रिकेतील मलावीमध्ये तसाच प्रयोग केला तर उंचीत तसा फरक दिसला नाही. तिथल्या मुलांच्या जेवणात मासे आधीपासूनच होते. म्हणजे ज्याच्या ताटात आधी काहीच नाही त्याला अंड्याचा उपयोग अधिक. ज्वारीची भाकरी आणि पातळ कालवण एवढ्यावर वाढणारे आमच्या वस्तीवरचे मूल कोणत्या बाजूला बसते ते सांगायची गरज नाही. राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झाला आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्यासाठीचा निधी बंद केला. अंगणातल्या कोंबडीला शासन निर्णय लागत नाही. जी कुटुंबे अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी दूध, डाळी, शेंगदाणे यांवर एक स्वतंत्र लेख लिहीन.

गुरुजींच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराश करणारे आहे. गावरान आणि पांढऱ्या अंड्याच्या पौष्टिकतेत सांगण्यासारखा मोठा फरक नाही. गावरान अंड्याचा बलक गडद दिसतो तो कोंबडी हिरवा पाला, किडे खाते म्हणून. चव निराळी, हे मान्य. पण गावरान अंडे आकाराने लहान असते, तेव्हा गावरान विकून त्याच पैशात दोन पांढरी अंडी आणून मुलाला दिली तरी माझी हरकत नाही. बिस्किटाला आहे. कडकनाथचेही तसेच. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे तिथल्या आदिवासी पालकांच्या दृष्टीने चांगले झाले. परंतु तिच्या मांसाने मधुमेह बरा होतो म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण माझ्याकडे येतात आणि रक्तातली साखर तीनशेच्या वर घेऊन येतात.

तालमीतल्या पोरांनाही दोन शब्द. कच्ची अंडी दुधात फेटून पिण्याने ताकद वाढत नाही. कच्च्या अंड्यातील प्रथिने जवळजवळ निम्मीच पचतात, शिजवलेल्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास. शिवाय साल्मोनेलाचा धोका वेगळा. चार कच्ची पिण्यापेक्षा दोन उकडून खा. पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटे. आणि अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नयेत. टरफलाला सूक्ष्म छिद्रे असतात, ओल्या टरफलातून जंतू आत शिरतात. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसून ठेवावीत आणि शिजवायच्या वेळी धुवावीत.

आता कोंबड्यांच्या आजारपणाविषयी. मी माणसांचा डॉक्टर, पण वस्तीवर गेलो की लोक कोंबड्याही दाखवतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा काळ. मान वळते, पंख पडतात, हिरवट पातळ विष्ठा होते आणि आठवड्याभरात खुराडे रिकामे. त्यावर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी दुसऱ्या लसीचे इंजेक्शन. लस महाग नाही. मग लोक का देत नाहीत? कारण बाटलीत निदान शंभर मात्रा असतात आणि बाईकडे कोंबड्या आठ. बाटली बर्फात आणावी लागते, एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते आणि उरलेली फेकून द्यावी लागते. आठ कोंबड्यांसाठी शंभर मात्रा कोण आणणार? आणि म्हणून दर वर्षी सगळ्यांच्याच मरतात.

याला उपाय एकच, वस्तीने दिवस ठरवावा. पंधरा घरांच्या मिळून शंभर-सव्वाशे कोंबड्या सहज होतात. बचत गटातल्या एकीने पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तारीख घ्यावी, दुसरीने थर्मासमध्ये बर्फ आणावा. त्या सकाळी कोंबड्या सोडायच्या नाहीत, खुराड्यातच ठेवायच्या. एका सकाळचे काम आहे. बचत गट पापड-लोणच्यांच्या बैठका महिन्याला घेतात, त्यातलीच एक याला द्यावी.

लसीऐवजी लोक काय करतात ते मला मेडिकलवाल्याकडून कळते. माणसाच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणतात आणि कोंबड्यांच्या पाण्यात फोडतात. मानमोडी विषाणूंमुळे होते, तिच्यावर या कॅप्सूलचा काडीचा उपयोग नाही. पण कोंबडीच्या पोटातले जंतू त्या औषधाला सरावतात, औषधाचा अंश अंड्यात उतरतो, आणि तेच सरावलेले जंतू मुलाच्या पोटात गेले की माझ्या हातातले औषध निकामी ठरते. हा धोका केंद्र सरकारलाही जाणवला, म्हणूनच जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या अखेरच्या फळीतल्या औषधाचा कोंबड्यांसाठी व इतर खाद्य जनावरांसाठी वापर बंद केला गेला. मोठ्या पोल्ट्र्यांना कायदा आहे, परसाला नाही. परसाला शहाणपण हवे.

आणि एक गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, कारण गरिबीशी तिचा संबंध आहे. कोंबडी मरायला टेकली की 'वाया जाण्यापेक्षा' म्हणून ती कापून खाल्ली जाते. दोन-चार कोंबड्या एकदम मेल्या की बाकीच्या घाईघाईने बाजारात नेल्या जातात आणि मेलेल्या ओढ्यात टाकल्या जातात. मानमोडी माणसाला सहसा काही करत नाही, फार तर डोळे येतात. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी सारखी असतात की डोळ्यांनी पाहून कोणालाच सांगता येत नाही. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात तेव्हा कळते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत एका लहान मुलाचा या रोगाने मृत्यू झाला, देशातला तो पहिला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी दगावली. तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ल्याचे सांगितले गेले. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण होतो तेव्हा दया करत नाही. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात विषाणू उरत नाही. धोका असतो तो आजारी कोंबडी हाताळण्यात, कापण्यात आणि सोलण्यात, आणि हे काम बहुधा घरातली बाई करते, शेजारी मूल बसलेले असते.

म्हणून एकाच वेळी कोंबड्या पटापट मरू लागल्या तर उघड्या हाताने त्यांना शिवू नका, कापू नका, विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा आणि ते सांगतील त्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत घरात कोणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांची हकीकत आपण होऊन सांगा. आम्ही विचारायचे विसरतो. मी तर एकेकाळी विचारून चुकीचे उत्तर देत होतो.

ते मूल आता एकवीस वर्षांचे आहे. उंची बेताचीच राहिली. पुण्याकडे कंपनीत कामाला आहे. त्याची आई अजूनही येते, गुडघ्यांसाठी. येताना पिशवीत भुश्शात घालून पाच-सहा अंडी आणते आणि टेबलावर ठेवते. मी पैसे देऊ लागलो की घेत नाही.

राहता राहिली गुरुजींच्या शेजाऱ्याची कोथिंबीर. कोंबड्या कुंपणातून जाऊन ती उकरतात आणि त्यावरून बोलाचाली होते, काय करावे असा प्रश्न आहे. वैद्यकशास्त्रात यावर उत्तर नाही. एवढे मात्र सांगतो की कोंबड्यांची ताजी विष्ठा खत म्हणून त्या कोथिंबिरीला घालू नये, आधी वेगळ्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर काही महिने कुजू द्यावी. आणि शेजाऱ्यांना महिन्यातून एकदा चार अंडी पाठवून पाहावीत. आमच्या शेजारी लागू पडले होते.